आधार नंबर ‘बरोबर’ आहे, म्हणजे नेमकं काय?

तासगावच्या बाजूला एका गावात माझ्या मावसभावाचं सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, सातबारा, वीजबिल, रिचार्ज आणि दिवाळीत फटाकेसुद्धा. अलीकडे तिथं कायमची जत्रा असते. आज लाडक्या बहिणींची ई-केवायसी, उद्या शेतकरी ओळख क्रमांक, परवा रेशनकार्डावरच्या माणसांचे अंगठे. मी संगणकाच्या धंद्यातला, त्यामुळं गावी गेलो की त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसणं आलंच.

एका सकाळी सत्तरी ओलांडलेले एक आबा नातवाला घेऊन आले. कार्ड घरी राहिलेलं, चष्माही घरी. नंबर होता साखर कारखान्याच्या जुन्या डायरीत, आबांच्याच अक्षरात, मराठी आकड्यांत. नातू इंग्रजी माध्यमात सातवीला. तो वाचत गेला, भाऊ टाकत गेला आणि पडद्यावर लाल ओळ उमटली: आधार क्रमांक अवैध.

आबांचा चेहरा उतरला. “बंद पडलं व्हय माझं आधार? आता पैसं यायचं थांबत्यात का काय?”

काहीच बंद पडलं नव्हतं. त्या क्षणापर्यंत संगणकानं दिल्लीला विचारलंच नव्हतं. त्यानं जागच्या जागी एक हिशेब केला आणि तो जुळला नाही, एवढंच. पण ‘अवैध’ हा शब्दच असा, की ऐकणाऱ्याला आपण गुन्हा केल्यासारखं वाटतं. हा हिशेब कसला असतो, लाल-हिरव्याचा अर्थ किती आणि कुठं संपतो, ते एकदा नीट पाहू.

अकरा अंक नंबराचे, बारावा ताळ्याचा

शाळेत वजाबाकी झाली की गुरुजी विचारायचे, “ताळा पाहिला का?” उत्तर आणि वजा केलेली संख्या मिळवायची, मूळ संख्या आली तर ताळा जमला. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक नेमकं हेच काम करतो. पहिले अकरा अंक आधी ठरतात, बारावा त्यांच्यावरून हिशेबानं काढतात. संगणकवाले त्याला चेक डिजिट म्हणतात, आपण ताळ्याचा अंक म्हणू.

पहिल्या अकरा अंकांत काय दडलंय, याबद्दल गावोगाव नाना समजुती आहेत. पहिले चार म्हणजे राज्य-जिल्हा, पुढचे चार म्हणजे जन्मसाल वगैरे. तसं काही नाही. ते अंक यदृच्छ आहेत, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे. त्यातून ना गाव कळतं, ना वय, ना जात. नियम एवढाच की पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, तेव्हापासून हेच चालत आलंय.

पॅनचं तसं नाही, त्यात अर्थ भरलेला असतो. दहापैकी चौथं अक्षर कार्ड कोणाचं ते सांगतं, माणसाचं असेल तर ‘पी’. पाचवं आडनावाचं आद्याक्षर. म्हणजे आमच्या भागातल्या पाटील-पवारांच्या पॅनवर मधोमध दोन ‘पी’ जोडीनं उभे असतात. जीएसटी नंबराची सुरुवात राज्याच्या आकड्यानं होते, महाराष्ट्राचा २७, आणि पोटात अख्खा पॅन असतो. आधार मुका आहे, म्हणून त्याला ताळ्याची गरज जास्त.

साधी बेरीज का पुरत नाही

सगळ्यात सोपा ताळा म्हणजे बेरीज. समजा नंबर ४७२. अंकांची बेरीज १३. वीस व्हायला ७ कमी, म्हणून ताळ्याचा अंक ७ आणि पूर्ण नंबर ४७२७. आता कुणी ४ च्या जागी ९ टाकला तर बेरीज २५ होते, शेवटी शून्य येत नाही, चूक सापडली.

पण कुणी घाईत ४७२७ चं ७४२७ केलं तर? बेरीज तीच, २०. ताळा जमला आणि नंबर मात्र दुसऱ्याच माणसाचा. चार आणि सात मिळवा नाहीतर सात आणि चार, बेरजेला काही फरक पडत नाही. शेजारच्या अंकांची अदलाबदल तिला दिसतच नाही.

आपल्या एटीएम कार्डावरच्या नंबरासाठी हान्स पीटर लुन या अभियंत्याची पद्धत वापरतात. १९६० मध्ये तिचं अमेरिकेत पेटंट मिळालं. तीत एक सोडून एक अंक दुप्पट करतात, त्यामुळं बहुतेक अदलाबदली पकडल्या जातात. पण ०९ चं ९० झालं तर तीही फसते. मोबाईलच्या पंधरा अंकी आयएमईआय नंबरालाही हीच पद्धत आहे.

त्रेसष्ट म्हणताना आधी तीन

अंकांची अदलाबदल एवढी होते तरी कुठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठी माणसाला फोन नंबर सांगताना ऐकावं. आपण जोड्या करून सांगतो: अठ्ठ्याण्णव, बावीस, त्रेसष्ट. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी येतो आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी. कानानं ऐकत हातानं लिहिणारा जरा बेसावध असला की ६३ चे ३६ झालेच. ‘एकोणसाठ’ ऐकून इंग्रजी माध्यमातलं पोर गोंधळतं, ते पन्नासात की साठात? तिथं ५९ चे ६९ होतात. सदुसष्ट आणि अडुसष्ट तर गोंगाटात मलाही सारखेच ऐकू येतात.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो. बाकी वाद असो, सेवा केंद्राच्या खिडकीशी दोन तास बसलं की त्यांचं म्हणणं मला तरी पटतं.

गंमत अशी की डच माणसंही त्रेसष्टला ‘तीन आणि साठ’ असंच म्हणतात. आणि आपल्या आधारचा ताळा ज्यानं शोधला तो याकोबस व्हर्हूफ हा गणिती नेदरलँड्सचाच. माणसं आकडे लिहिताना नेमक्या कशा चुकतात, याची त्यानं तिथल्या टपाल खात्यातल्या चुकांवरून वर्गवारी केली. एकच अंक चुकणं ही सगळ्यात मोठी भानगड, आणि शेजारचे दोन अंक उलटे पडणं ही ठळक दुसरी. १९६९ मध्ये त्यानं असा ताळा मांडला, की या दोन्ही प्रकारच्या चुका एकही न निसटता सापडाव्यात. दशमान अंकांत आणि एकाच जादा अंकात हे जमणार नाही, असं तोवर अनेकांना वाटत होतं.

यात आपली खास भर म्हणजे अक्षर. हातानं लिहिलेला मराठी ४ म्हणजे टोपी उघडी राहिलेला इंग्रजी आठ. मराठी १ आणि इंग्रजी नऊ तर जुळे भाऊ. व्हर्हूफच्या यादीत हे नव्हतं, पण ही एका अंकाचीच चूक असल्यानं त्याच्या जाळ्यात आपोआप येते.

हळद आधी शिजवायची की वाळवायची

व्हर्हूफची युक्ती सांगायला सांगलीची हळद बरी. शेतातून काढलेली हळद आधी शिजवतात, मग वाळवतात, मग पॉलिश करतात. कुणी आधी वाळवून मग शिजवायला घेतली तर मार्केट यार्डात तिला कोण विचारणार? कामं तीच, क्रम बदलला की माल बदलला. व्हर्हूफला असाच क्रम ओळखणारा हिशेब हवा होता, ज्यात ‘आधी हा, मग तो’ याला किंमत असेल.

त्यानं घेतला पाच बाजूंचा सारखा तुकडा. पुठ्ठ्याचा पंचकोन कापून टेबलावर ठेवला असं समजा. ० ते ४ हे अंक म्हणजे तो तितके टप्पे फिरवायचा. ५ ते ९ म्हणजे तो पालथा करायचा, पाच वेगवेगळ्या प्रकारे. आधी फिरवून मग पालथा केला आणि आधी पालथा करून मग फिरवला, तर तुकडा वेगळ्या अवस्थेत येतो. खोटं वाटत असेल तर पुठ्ठ्यावर खूण करून पाहा. त्यामुळं या हिशेबात २ नंतर ६ आला तर उत्तर ८, आणि ६ नंतर २ आला तर उत्तर ९.

चाणाक्ष वाचक इथं अडवतील: २ आणि ३ दोन्ही नुसतं फिरवणारेच अंक, त्यांची अदलाबदल कशी कळणार? बरोबर, नुसत्या पंचकोनानं कळत नाही. म्हणून व्हर्हूफनं आणखी एक मेख मारली: हिशेबाआधी प्रत्येक अंक त्याच्या जागेप्रमाणे बदलून घ्यायचा. शेवटून दुसऱ्या जागेवरचा ६ हा ३ धरायचा, शेवटून तिसऱ्या जागेवरचा ६ मात्र ६ च. अशा आठ प्रकारच्या बदल्या आहेत, आणि नंबर लांब असला की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सगळे अंक या चरकातून काढल्यावर शेवटी शून्य आलं की ताळा जमला. २३६ ला या रीतीनं ताळ्याचा अंक ३ येतो, म्हणून २३६३ पास. त्यातले मधले दोन उलटे करून २६३३ केलं की नापास.

सॉफ्टवेअर करतं ते एवढंच. मधल्या मोकळ्या जागा काढतं, बारा अंक मोजतं, पहिला शून्य-एक नाही ना बघतं आणि दोन छोटे तक्ते वापरून हा हिशेब करतं. कॉलेजातलं पोरगं तासाभरात लिहील असा प्रोग्राम. याला व्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे नंबराची घडण तपासणं. असं तपासणारं टूल संगणकावर किंवा फोनवर उतरवून घेतलेलं असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाकून, वायफाय बंद करून चालवून बघा, तरीही ते बरोबर-चूक सांगतं. ज्याला बाहेरच्या जगाचा संपर्कच नाही, त्याला तुमच्याबद्दल काय माहीत असणार?

हिरवं आलं म्हणजे नंबर कुणाचा तरी असतोच का?

नाही, आणि इथंच भले भले फसतात. थोडा हिशेब मांडू. पहिल्या अंकाला आठ पर्याय, २ ते ९. पुढच्या दहा जागांना प्रत्येकी दहा. बारावा अंक आपसूक ठरतो. म्हणजे ताळा जमणारे नंबर होतात ८,००० कोटी. आजवर दिलेले आधार आहेत १४० कोटींच्या आसपास. म्हणजे ताळा जमणाऱ्या साधारण ५७ नंबरांमागे एकच कुणाला तरी दिलेला आहे. बाकीचे छप्पन्न हिरवे दिसतात, पण त्यांच्यामागे माणूस नाही.

उलट बाजूनं पाहा. कुणी २ ते ९ पैकी अंकानं सुरू होणारे शंभर नंबर मनानं लिहून काढले, तर त्यातले दहाएक नुसत्या नशिबानं पास होतील. म्हणून भाड्यानं खोली देणारा किंवा कामावर माणूस ठेवणारा कुणी “टूलवर चेक केलं, ओके आलं” म्हणतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्यानं शुद्धलेखन तपासलंय आणि समजतोय की पत्रातला मजकूर खरा निघाला.

आणि लाल आलं म्हणजे? मांडलेला नंबर आधारचा असूच शकत नाही, हे मात्र शंभर टक्के. पण त्याचा अर्थ आधार रद्द झालं असा होत नाही. लिहिणाऱ्याचा, वाचणाऱ्याचा किंवा टाकणाऱ्याचा हात चुकलाय. कार्डावरून टाकूनही लाल येत असेल तर भलताच नंबर टाकलाय का ते बघावं. आधारखाली छापलेला सोळा अंकी व्हीआयडी, म्हणजे आधारऐवजी द्यायचा बदली नंबर, वेगळा. नोंदणीच्या पावतीवरचा अठ्ठावीस अंकी क्रमांक वेगळा, त्यातले निम्मे अंक तर तारीख आणि वेळेचे असतात. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर तिनाचा आठ होतो, तेही धरा.

शेवटचा अंक फिरवून हिरवं करणारा पोरगा

काही वर्षांपूर्वी एका सोसायटीची सभासद यादी संगणकावर चढवायचं काम चालू होतं. ताळा तपासायचा छोटा प्रोग्राम मी करून दिला होता. पहिल्या दिवशी बरेच नंबर लाल. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर यादी हिरवीगार. मला कौतुक वाटलं, एका रात्रीत एवढ्या लोकांना फोन केले? तिथला पोरगा खुशीत म्हणाला, “फोन कशाला सर, शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत फिरवायचा, एकावर हिरवं येतंच!”

येणारच. कोणतेही अकरा अंक घ्या, त्यांना जुळणारा ताळ्याचा अंक दहापैकी एक असतोच. चूक होती मध्ये कुठंतरी, ती तशीच राहिली, आणि वर ती सांगणारा साक्षीदारही त्यानं फितवला. आता ते नंबर कधीच लाल होणार नाहीत. एक तर ते कुणाचेच नाहीत, किंवा चुकून भलत्याच्या नावाचे. नुकसान आहे ते मूळ सभासदाचं, आणि ते कळणार अनुदान अडकल्यावर. पोराचा दोष मी अर्धाच धरतो, अर्धा माझा. ताळा कशासाठी आहे ते न सांगता मी त्याला नुसता लाल-हिरवा दिवा देऊन आलो होतो.

यावरून लोक विचारतात, मग सॉफ्टवेअरनंच बरोबर नंबर का सुचवू नये? कारण चूक आहे एवढंच त्याला कळतं, कुठं आहे ते नाही. बारापैकी कोणत्याही जागेचा एक विशिष्ट अंक बदलला तरी ताळा जमतो. डझनभर उमेदवार, त्यातला खरा कोणता ते माणसालाच विचारावं लागतं.

सूत्र उघड आहे, मग लबाडांचं फावणार नाही का?

सूत्र पुस्तकांत आहे, इंटरनेटवर आहे, पायथॉनसारख्या संगणकी भाषांतल्या तयार प्रोग्रामांच्या फुकट संग्रहांत आहे. पण ताळा हे कुलूप नव्हेच. तो चोरासाठी ठेवलेला नाही, घाई करणाऱ्यासाठी ठेवलेला आहे. गुरुजींनी ताळ्याची रीत फळ्यावर लिहिली म्हणून कुणाची तिजोरी फुटली नाही.

कुलपं पुढं आहेत. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर नंबर टाकून तो अस्तित्वात आहे का ते पाहता येतं. तिथं वयोगट, स्त्री की पुरुष, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन अंक एवढंच दिसतं. कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये माहितीवर डिजिटल सही असते. अधिकृत अॅपनं तो स्कॅन केला की कार्डावरचं नाव किंवा फोटो बदललाय का ते उघडं पडतं. आणि समोरचा माणूस तोच का, हे ठरतं ओटीपी, अंगठा, डोळा किंवा चेहऱ्यावरून. ते विचारायचा अधिकार परवानगी मिळालेल्या संस्थांनाच आहे.

नंबर तपासायला वेबसाइटवर टाकावा का?

अनोळखी वेबसाइटवर मी कधीच टाकत नाही, आणि सोसायटीची, बचतगटाची यादी तर मुळीच नाही. ज्या हिशेबाला इंटरनेट लागतच नाही, तो करायला कुणी तुमचा नंबर मागत असेल तर त्याला नंबरच हवा आहे. आपल्या संगणकावर चालणारं टूल घ्यावं, नाहीतर ओळखीच्या पोराकडून एक्सेलमध्ये करून घ्यावं. २०१६ च्या आधार कायद्यानं कुणाचा आधार क्रमांक जाहीरपणे लावायला बंदी आहे, तरी नोटीस बोर्डावर पूर्ण नंबरांसकट याद्या मी पाहिल्यात. नुसती ओळख दाखवायची असेल तिथं पहिले आठ अंक झाकलेलं, शेवटचे चारच दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. त्यावर ताळा करता येत नाही हे खरं, पण लॉजवाल्याला ताळा करायची गरजही नसते.

तर आबा. भावानं त्यांना स्वतःचा चष्मा दिला आणि डायरी त्यांच्या हातात ठेवली. “आबा, जोड्या करू नका. एकेक आकडा सांगा, चार झाले की थांबा.” आबा बोटानं रेघ धरत वाचू लागले. सातव्या आकड्यावर नातू म्हणाला, “एट.”

“आठ कुठला रं? चार हाय त्यो!”

अंक बदलला आणि लाल ओळ गेली. आबा हसले, नातू लाजला. भावानं पुढचं बटण दाबलं आणि ओटीपी गेला. गेला तो थेट आबांच्या तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमवर.

“म्हंजे नंबर माझा हाय,” आबा म्हणाले, “पर मी माझा हाय का न्हाई, ते अजून बाकीच हाय म्हणा की.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं तासगावला आधार केंद्रात गेले, अंगठा द्यायला. या वेळी कार्ड आणि चष्मा दोन्ही सोबत घेऊन.